पालथा चमचा

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती, तर शेवट तरी थोडा बरा केला असता.

माझी कांचन मावशी खोटं बोलत नाही. म्हणजे, तिला ते जमतच नाही. माझ्या आईने विचारलं, "साडी कशी आहे गं?" तर मावशी तोंडावर सांगणार, "साडी छान आहे, तुला शोभत नाही." मग दोघी बहिणींचा अबोला.

अशी मावशी आयुष्यात एकदाच खोटं बोलली.

कोणासाठी बोलली, तेच सांगायचंय.

तारीख सहा जानेवारी २००६. शुक्रवार. जागा, अमेरिकेतल्या मिनेसोटाचा अगदी वरचा कोपरा. विलो मार्श टाउनशिप. नकाशात शोधू नका, नाव मी बदललंय. तिथे अजून माणसं राहतात.

थोडीच राहतात, पण राहतात.

मावशीचे मिस्टर, शशिकांत काका, डॉक्टर आहेत. नागपूरहून इकडे शिकायला आले. शिक्षण संपलं, तेव्हा कळलं की इथेच राहायचं असेल तर जिथे कोणी डॉक्टर जायला तयार नाही, तिथे तीन वर्षं काढावी लागतील. काका म्हणाले, "तीन वर्षं काय, चुटकीसरशी जातील!"

चुटकी फार लांबली.

टाउनशिप म्हणजे गावसुद्धा नाही. सपाट शेतं, दलदल, बर्चची पांढरी झाडं आणि लांब लांब एखादं घर. उत्तरेला झाडं कापून केलेली एक सरळ पट्टी आणि तिच्यात एक चर. चराच्या अलीकडे अमेरिका, पलीकडे कॅनडा. मावशी नागपूरला कॉलेजात बॉटनी शिकवायची. इथे तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. आणि उणे तीसमध्ये बॉटनी तरी कुठून आणणार?

तिथली बहुतेक माणसं स्वीडिश वंशाची, लुथरन चर्चला जाणारी. पण थोडी घरं युक्रेनियन लोकांची होती. ऑर्थोडॉक्स. त्यांचं चर्च वेगळं, लाकडाचं, वर कांद्यासारखा घुमट. त्यांचं कॅलेंडरही वेगळं. सगळ्या गावाचा ख्रिसमस उरकला, झाडं कचऱ्यात गेली, की मग जानेवारीत यांचा ख्रिसमस. पूर्वी चर्च भरायचं म्हणे. आता पाच-सहा म्हाताऱ्या आणि महिन्यातून एकदा लांबून येणारा पाद्री.

मावशीला ते लगेच समजलं. सगळं गाव झोपलेलं असताना आपण एकट्यानेच दिवाळी करायची म्हणजे काय, हे तिच्याइतकं कोणाला कळणार?

मावशीच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, हॅना कोस्तिउक राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जीभ मात्र सुरीसारखी.

पहिल्या दिवशी त्या निळ्या इनॅमलच्या वाडग्यात बीटाचं लोणचं घेऊन आल्या. मावशीला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "तू नवीन डॉक्टरची बायको? किती बारीक गं! वारा आला तर थेट कॅनडात जाऊन पडशील. आणि हल्ली तिकडे कागद मागतात."

आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मावशीने वाडगा धुतला आणि शंकरपाळे भरून दिला. आता हॅनाबाईंना कुठे माहीत आपली पद्धत? त्यांना वाटलं, ही खेळतेय. त्यांनी परत काहीतरी भरून पाठवलं. झालं! तो निळा वाडगा रस्ता ओलांडत राहिला. बटाट्याचे डंपलिंग इकडे, चकल्या तिकडे.

मावशी त्यांना आजी म्हणू लागली. शब्दाचा अर्थ कळल्यावर हॅना आजी म्हणाल्या, "चालेल. मला या नावाने हाक मारायला दुसरं कोणी उरलेलं नाही."

तो ऑक्टोबर आला... आणि माई गेली.

माई म्हणजे मावशीची आणि माझ्या आईची आई. माझी नागपूरची माई. जेवायला बसली की पहिला घास ताटाच्या काठावर बाजूला ठेवायची. "चिमणीचा घास." मग उरलेलं जेवायची. आम्ही हसायचो. आमच्या घरात दुसरं कोणी असं करत नाही.

माझी आई मिळेल त्या विमानाने गेली. मावशी जाऊ शकली नाही. कागद अडकले होते. देश सोडला असता, तर परत येता आलं नसतं, आणि काकांचं सगळंच वाया गेलं असतं. तिने माईचं जाणं फोनवर ऐकलं. किचनच्या फरशीवर बसून. नुसते आवाज.

तेराव्याला तिने एकटीने स्वयंपाक केला. पान वाढलं. बाहेर झाडाखाली ठेवलं आणि खिडकीत उभी राहिली.

कावळा आला नाही.

अंधार पडला, तरी आला नाही.

हॅना आजी रस्ता ओलांडून आल्या. काही न विचारता शेजारी उभ्या राहिल्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "मेलेल्यांना कागद लागत नाहीत, पोरी. सवड झाली की ती येईल."

आता त्या शुक्रवाराकडे येते.

काकांची वीकेंडची ड्यूटी लागली होती, चाळीस मैलांवरच्या हॉस्पिटलात. निघताना म्हणाले, "एकटी काय करशील?"

"हॅना आजींकडे जेवायला बोलावलंय. त्यांची ख्रिसमसची संध्याकाळ आहे."

"जपून. टर्की-बिर्की वाढतील."

"अहो, आज त्यांचा उपास असतो. दिवसभर काही खायचं नाही. संध्याकाळी पहिली चांदणी दिसली की सोडायचा. त्यातही मांस नाही, दूध नाही, लोणी नाही. आपल्यापेक्षा कडक!"

"मग मीच येतो की! पेशंटना सांगतो, माझी चतुर्थी आहे."

"निघा आता."

तिथे जानेवारीत पाचच्या आधीच अंधार पडायला लागतो. मावशी गेली, तेव्हा हॅना आजी खिडकीशी बसल्या होत्या.

"बरं झालं आलीस. माझे डोळे गेले. चांदणी तू बघ."

मावशीने काचेवरचा बर्फ नखाने खरवडला. बाहेर सगळं निळं झालेलं. शेत, मग झाडं, मग ती सीमेची पट्टी.

"दिसली आजी. कॅनडाच्या बाजूला."

"ती नेहमी तिकडूनच येते," आजी म्हणाल्या.

टेबलावर पांढरी चादर, तिच्याखाली थोडं वाळलेलं गवत, मधोमध गोल पाव आणि पावात खोचलेली मेणबत्ती. बारा पदार्थ. त्यातला मुख्य म्हणजे उकडलेले गहू, मध आणि खसखस घातलेले. जवळजवळ आपली गव्हाची खीरच. तिकडचं नाव मी लिहीत नाही. हिंदीत त्याचा भलताच अर्थ होतो आणि काका त्यावरून फार पांचट जोक मारतात.

ताटं तीन होती.

"आपण दोघीच ना? तिसरं कोणाचं?"

हॅना आजींनी तिसऱ्या ताटात गहू वाढले. शेजारी एक चमचा ठेवला. उताणा. बोटाने चाचपून बघितला, नीट सरळ आहे ना.

"मिकोलाचं. माझा मुलगा."

मग त्यांनी सांगितलं.

मिकोला एकोणीस वर्षांचा होता. तेव्हा सीमा म्हणजे नुसता चर होता, पाय उचलून पलीकडे जायचं. हॅना आजींची आई पलीकडे राहायची. तिच्या घरातला दिवा इथून दिसायचा. ख्रिसमसच्या संध्याकाळी मिकोला तिला जेवायला आणायला गेला. तिला ताप होता, ती आली नाही. म्हणाली, "इथेच जेव बाळा." तो म्हणाला, "नको, आई ताट वाढून बसली असेल."

आणि तो निघाला.

मग वादळ आलं. बर्फाचं. आपला हात आपल्याला दिसत नाही, असं.

पलीकडच्या आजीला वाटलं, पोहोचला असेल. अलीकडच्या आईला वाटलं, तिकडेच राहिला असेल.

बर्फ वितळल्यावर तो त्या चरात सापडला.

"दिवसभराचा उपाशी होता," हॅना आजी म्हणाल्या. एवढंच. रडल्या नाहीत. "म्हणून दरवर्षी ताट वाढते. तो येतो. सकाळी चमचा पालथा असतो."

मावशीने विचारलं, "तुम्ही कधी पाहिलंत त्याला?"

"छे! जेवणाऱ्याकडे बघत बसू नये."

थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "हे शेवटचं आहे. वसंतात माझी भाची मला ग्रँड फोर्क्सच्या वृद्धाश्रमात नेणार. तिथल्या टेबलांवर म्हणे नावं चिकटवलेली असतात. मिकोलाला तिथलं काय माहीत? त्याला हेच घर माहीत आहे. आज एकदा पोटभर जेवून गेला, की मी जायला मोकळी."

जेवणं झाली. दिवसभराचा उपास, वय, आणि बारा पदार्थ रांधलेले हात. हॅना आजी खुर्चीतच झोपल्या.

मावशीने त्यांच्या अंगावर शाल घातली.

मग तिने टेबलाकडे पाहिलं.

आता इथे नीट ऐका. मावशीच्या जागी तुमची आई असती, माझी आई असती, तरी तिने हेच केलं असतं. म्हातारी बाई दमून झोपलीय. टेबलावर खरकटी भांडी. खरकटं असं रात्रभर ठेवतं का कोणी? मावशीने बाह्या वर केल्या आणि भांडी घासायला घेतली.

राहिलं ते तिसरं ताट.

ते तसंच ठेवायचं असतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. हॅना आजींना वाटलं, यात काय सांगायचं? आणि मावशीला वाटलं, यात काय विचारायचं? गेलेल्या माणसाचं पान घरात ठेवत नाहीत. ते बाहेर ठेवतात. आपल्याकडे असंच असतं.

तिने ते ताट दोन्ही हातांत घेतलं. कोट चढवला. मागच्या अंगणात बर्चच्या झाडाखाली गेली आणि बर्फावर सगळे गहू ठेवले. हात जोडले. थंडीने डोळ्यांत पाणी आलं... किंवा थंडीने नसेल.

"मिकोला, घे बाळा," ती मराठीतच म्हणाली.

आणि मग, "माई... तू पण घे गं."

मग आत येऊन तिने ताट घासलं. चमचा पुसून ड्रॉवरमध्ये ठेवला. टेबल लख्ख केलं.

सगळं अगदी प्रेमाने केलं.

ती हॅना आजींच्या घरातून बाहेर पडली तेव्हा वारा थांबला होता. पार थांबला होता. शेजारच्या शेतावरचा बडी नावाचा कुत्रा पान हललं तरी भुंकायचा. तो गप्प होता.

ती रस्त्यावर आली...

करकर... करकर...

बर्फावर पावलं वाजत होती. तिची नाही. ती थांबली, तरी वाजत राहिली. तिच्या मागे नाही, पुढेही नाही. बाजूने. शेताकडून हॅना आजींच्या घराकडे.

दमलेली पावलं होती, असं मावशी म्हणते. एक पाय ओढत चालल्यासारखी.

तिने टॉर्च मारला.

शेत पांढरंशुभ्र. कोणी नाही.

मग हॅना आजींच्या दाराची स्प्रिंग कुरकुरली. दार उघडलं... आणि लागलं.

'आजी उठल्या वाटतं,' मावशीने मनाला समजावलं आणि घर गाठलं.

घरी आल्यावर तिने किचनच्या खिडकीतून समोर पाहिलं. हॅना आजींच्या किचनमध्ये दिवा होता. पडद्यावर सावली हलत होती. या कपाटाशी... मग त्या कपाटाशी... परत या कपाटाशी.

मावशीला चक्क हसू आलं. 'भांडी चुकीच्या जागी ठेवली वाटतं मी! शोधतायत बिचाऱ्या. उद्या माझी खैर नाही.'

सांगावं म्हणून तिने फोन लावला.

रिंग वाजत राहिली.

सावली फोनकडे गेली नाही. ती कपाटं उघडत राहिली. भराभर. मग हळू. मग अगदी हळू.

मग ती टेबलाशी येऊन उभी राहिली. बराच वेळ. मान खाली घालून.

आणि दिवा गेला.

सकाळी उजाडायच्या आधीच फोन आला. हॅना आजी होत्या. आवाज ओळखू येत नव्हता.

"कांचन... टेबल कोणी आवरलं?"

"मी, आजी. तुम्ही दमला होतात, म्हणून..."

 

मावशी तशीच धावत गेली. घरात पाऊल टाकलं आणि थिजली.

किचनमधलं एकूण एक कपाट उघडं होतं. एकूण एक ड्रॉवर बाहेर ओढलेला. पिठाचा डबा उघडा, साखरेचा डबा उघडा, ब्रेडची पेटी उघडी. काहीही सांडलं नव्हतं. काहीही खाल्लं नव्हतं. शाळेतून भुकेलं पोर घरी यावं, आई घरात नसावी, आणि त्याने सगळीकडे शोधावं... तसं.

टेबलापाशी फरशीवर पाणी होतं. दोन बुटांच्या जागी बर्फ वितळून व्हावं, तेवढं.

"काल रात्री तुम्ही उठला होतात ना आजी? मी सावली पाहिली..."

"मी खुर्चीत होते. आत्ता जाग आली." हॅना आजी हाताने उघडी कपाटं चाचपत होत्या. "तो आला होता. माझ्यासमोर होता. आणि मी झोपले होते."

"मी ताट बाहेर ठेवलं आजी. झाडाखाली. आमच्यात गेलेल्यांचं पान..."

हॅना आजींनी तिला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता, तर बरं झालं असतं, असं मावशी म्हणते.

त्या फक्त म्हणाल्या, "परत उपाशी गेला."

मावशी बर्चखाली बघून आली. गहू तिथे नव्हते. बर्फावर पायाचा ठसा नव्हता, पक्ष्याचाही नव्हता.

त्या दिवशी, सात तारखेला, मावशीने हॅना आजींच्या हाताला धरून सांगितलं, "आजी, आपण आज परत वाढू. येईल तो. लांब गेला नसेल."

"तो त्याच संध्याकाळी येतो, पोरी."

"काल जेवला नाही ना? मग येईल."

हॅना आजींकडचे गहू संपले होते. मावशीकडे होते. माझ्या आईने मिशिगनमधल्या आमच्या घरून, ट्रॉयहून, पार्सल पाठवलं होतं, गहू, गूळ, सुकं खोबरं, जायफळ. मावशीने दिवसभर खपून खीर केली. जशी येते तशी केली. म्हणजे माईसारखी. गूळ घालून, वर जायफळ किसून. निळा वाडगा भरून रस्ता ओलांडून नेला.

चांदणी दिसल्यावर ताट वाढलं. शेजारी चमचा ठेवला. उताणा. मेणबत्ती लावली. मावशी तिथेच सोफ्यावर झोपली आणि दोघींनीही टेबलाकडे पाठ केली.

जेवणाऱ्याकडे बघू नये.

पहाटे मावशीला जाग आली ती वासाने. जायफळाचा वास. आणि त्यात मिसळलेला दुसरा... धुतलेल्या सुती लुगड्याचा.

ती उठली. टेबलापाशी गेली.

चमचा उताणाच होता. कोरडा. जसा ठेवला, तसा.

पण खीर कमी झाली होती. ताटात बोटं फिरल्याच्या खुणा होत्या. चार बोटांच्या. हाताने जेवलेल्या माणसाच्या.

आणि ताटाच्या काठावर, बाजूला...

एक घास काढून ठेवला होता. छोटासा. चिमणीचा.

 तीन महिने मावशीने जिची वाट बघितली, ती माई कागदांशिवाय, विमानाशिवाय, एवढा समुद्र ओलांडून आली होती. लेकीच्या हातची खीर जेवून गेली होती.

दुसऱ्याच्या पोराच्या ताटात.

मागून काठीचा आवाज आला. हॅना आजी उठल्या होत्या. दारात उभ्या. त्या डोळ्यांना टेबल म्हणजे नुसता पांढरा डाग.

"कांचन... चमचा?"

मावशीने ताटाकडे पाहिलं.

"पालथा आहे ना गं?"

किती आशेने विचारलं असेल, ते मावशीला अजून सांगता येत नाही. इथे आली की ती थांबते.

तिने हात पुढे केला. चमचा उचलला. पालथा ठेवला. ताटाला लागून बारीक खण्ण झालं.

"हो आजी. पालथा आहे. जेवून गेला."

हॅना आजींनी छातीवर क्रूस काढला, उजवीकडून डावीकडे, त्यांच्या पद्धतीने. आणि मग इतक्या वर्षांचं एकदम रडल्या. मावशीही रडली. दोघी एकमेकींना धरून रडल्या, दोन वेगळ्या कारणांनी.

हॅना आजींना वृद्धाश्रमात जावं लागलं नाही. मार्चमध्ये झोपेतच गेल्या. भाची म्हणाली, चेहरा अगदी शांत होता. जायला मोकळ्या होत्या ना त्या. त्या घुमटाच्या चर्चमागे त्यांना मिकोलाशेजारी ठेवलं. निळा वाडगा भाचीने मावशीला दिला. तो तेवढा रिकामा आला.

त्याच वर्षी घर पाडलं. आता तिथे नुसतं शेत आहे.

पुढच्या जानेवारीत मावशीने स्वतःच्या घरात मिकोलाचं ताट वाढलं. या वेळी मध आणि खसखस, बरोबर हॅना आजींसारखं. चमचा हलला नाही. तिने मुद्दाम ते सगळं दोन दिवस तसंच ठेवलं.

बाहेर बघायचं तिला सुचलंच नाही.

काकांची तीन वर्षं संपली, आणि २००७ च्या उन्हाळ्यात ते मिशिगनला आले, ट्रॉयला, आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. आणि या वर्षीच्या, म्हणजे २००८ च्या, सहा जानेवारीला मी हट्टाने मावशीकडे झोपायला गेले. आई म्हणाली, "घाबरशील." मी म्हटलं, "आई, मी नववीत आहे. प्लीज."

मावशीने दोन ताटं वाढली. एक माईचं, चमच्याशिवाय. एक मिकोलाचं, चमच्यासह. मागचं दार माझ्यासमोर लावलं. कडी मीच घातली.

सकाळी शाळेसाठी उठले, बाहेर अजून अंधार होता. मावशी टेबलाशी उभी होती.

ताटं होती. गहू होते.

मिकोलाचा चमचा नव्हता.

आम्ही टेबलाखाली बघितलं. सिंकमध्ये बघितलं. काका म्हणाले, "अगं, मी नाही घेतला." मग मी सहज मागच्या दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं...

अंगणात मेपलचं झाड आहे. रात्रभर बर्फ पडला होता. गुळगुळीत, कुठेही एक ठसा नाही. झाडाखाली काहीतरी चमकत होतं.

चमचा.

पालथा.

दाराची कडी आतून घातलेली होती.

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण मावशी घाबरली नाही. ती त्या झाडाकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा असा झाला, की मला तिच्याकडे बघवेना.

"दोन वर्षं..." ती म्हणाली. "दोन वर्षं तो बाहेरच बसतोय गं. त्याला वाटतंय, आपलं पान बाहेर असतं. मी दाखवलं ना त्याला."

तिने कडी काढली. दार सताड उघडलं. ताट हातात घेऊन अनवाणी उंबऱ्यावर उभी राहिली.

"मिकोला," तिने हाक मारली. मराठीतच. "आत ये रे बाळा. घरात ये. चुकलं माझं."

काही झालं नाही. थंडी आत येत राहिली. काकासुद्धा 'दार लाव' म्हणाले नाहीत.

बऱ्याच वेळाने मावशी दार लावायला वळली. आणि लावण्याआधी ती एक पाऊल बाजूला सरकली. अंग चोरून. कोणाला तरी आत यायला वाट द्यावी, तशी.

मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. ती खोटं बोलत नाही, म्हणूनच विचारायची हिंमत झाली नाही.

हल्ली आमच्या घरी टेबल आवरायचं काम माझ्याकडे आहे. ताटं उचलण्याआधी मी एकदा मोठ्याने विचारते, "सगळ्यांचं झालं ना?"

आई-बाबा हो म्हणतात.

तरी मी थोडी थांबते.